दोनशे चौदा वडील

२ मार्च

कार्यालयातल्या वहीत काय झालं तेवढंच लिहायचं असतं, आपल्याला काय वाटलं ते नाही. नियम माझाच आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. वाटलेलं कुठेतरी ठेवावं म्हणून ही वही. बायकोच्या शिवणक्लासच्या कपाटात कोरी पडून होती, न विचारता घेतली आहे.

आमचा लेखक-चरित्रकोश म्हणजे चार खोल्या, अडीच माणसं आणि अकराशे साठ लेखक. अडीच अशासाठी, की मुख्य संपादक दुपारनंतरच उगवतात. ते दिसेल ते कापतात म्हणून पाठीमागे त्यांना आम्ही कात्री म्हणतो. 'आम्ही' म्हणजे मी आणि संगणकावर बसणाऱ्या बाई. लेखक सगळ्या देशांतले, सगळ्या शतकांतले आणि सगळे मेलेले. जिवंत लेखक आम्ही घेत नाही, ते पुढे काय करून ठेवतील याचा भरवसा नसतो. एकेकाचं आयुष्य कार्डाच्या एका बाजूवर बसलं पाहिजे. मागची बाजू कोरी. विशेषण एकच.

आज कात्रीने नवीन काम काढलं. जागा वाचावी म्हणून आठ वर्षांपूर्वी मी काही संक्षेप ठरवले होते. त्यांतला सगळ्यांत जास्त चालला तो 'व.वि.', म्हणजे वडिलांचा विरोध. लेखक कुठलाही असो, बर्फातला की वाळवंटातला, हे दोन शब्द लागतातच. बाईंना आज रिकामा वेळ होता, त्यांनी मोजून दाखवलं. दोनशे चौदा कार्डांवर व.वि. आहे. ते कात्रीच्या कानावर गेलं.

"दोनशे चौदा बाप आणि सगळे एकजात वैरी?" ते म्हणाले. "सांगितलं कोणी? लेखकांनीच ना? बापांना कोणी विचारलं?"

आता महिनाअखेरपर्यंत प्रत्येक व.वि.ला त्या वडिलांचं स्वतःचं एक वाक्य आधार म्हणून शोधायचं. मिळालं तर राहील, नाही मिळालं तर जाईल. एप्रिलमध्ये कोश छपाईला आहे. मला हे काम मनापासून पटलं. आजवर या माणसांची बाजू कोणी ऐकलेली नाही.

४ मार्च

छोटीने आज जेवणं झाल्यावर टेबलावर बाड ठेवलं. छोटी आमची एकुलती एक लेक, एकोणतीस वर्षांची. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. सहा महिने बिनपगारी रजा घेऊन ती घरी कादंबरी लिहीत होती. बाड तीनशे बारा पानांचं आहे, एका बाजूला छापलेलं, समास पुरेसा सोडलेला.

"बाबा, रुग्णालयाचं पत्र आलंय," ती म्हणाली. "एकतीसला हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. त्याच्या आत हे वाचाल?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघू नका, वाचा. हजार लेखकांची आयुष्यं तुमच्या हाताखालून गेलीत. मी त्यांतली आहे की नाही, एवढंच सांगा. नसेन तर मी गुपचूप कामावर जाते."

त्यांत बसायचं तर आधी मरावं लागतं, असं मी म्हणालो. विनोद होता. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ताट उचलून आत गेलो. जाताना छोटीला जिन्यातला दिवा बंद केलास का विचारलं. केला होता.

इथे नोंदवून ठेवतो की मी तिच्या लिहिण्याला कधीही विरोध केलेला नाही. रजा घेतली तेव्हाही मी फक्त विचारलं होतं, नोकरीचं काय. प्रश्न विचारणं म्हणजे विरोध नव्हे.

६ मार्च

बाड कार्यालयात आणलं. आलेलं काम आलेल्या क्रमाने करायचं ही माझी सवय आहे. पहिल्या पानावर आवक क्रमांक टाकला, ७१, तारीख घातली आणि चळतीत सगळ्यांत खाली ठेवलं. वर आणखी सतरा लेखक आहेत. बाईंनी क्रमांक पाहिला. रोज दुपारी त्या चहा माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या, तो आज आणला नाही.

९ मार्च

पहिलं उत्तर आलं. दीपगृहात नोकरी करणारा एक कवी आहे, एका बेटावरचा, दोनशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या पणतूच्या पणतूला मी लिहिलं होतं. तो कळवतो, की वडिलांच्या विरोधाचं त्यांच्या घरात कोणी कधी ऐकलं नाही. वडील कोळी होते, त्यांना वाचता येत नव्हतं. मुलाचं पुस्तक छापून आल्यावर ते हातपाय धुऊन, पुस्तक मांडीवर उघडून तासभर बसत. बऱ्याचदा उलटं धरलेलं असे. कोणी सुलटं करून दिलं तर रागवत.

वडिलांचं वाक्य मिळालं नाही. व.वि. काढलं.

बाईंना पत्र दाखवलं, तर त्यांनी रुमाल काढला. माणसं पत्रं वाचताना मुद्दा सोडून भलत्याच ठिकाणी थांबतात.

१३ मार्च

एकाहत्तर क्रमांकाची पाळी अजून आलेली नाही. छोटी विचारत नाही. मी घरी आलो की ती माझ्या पिशवीकडे बघते, मग स्वतःच्या खोलीत जाते.

आज घड्याळजीच्या मुलाचं कार्ड तपासलं. मोठा कादंबरीकार, डोंगराळ देशातला. वडिलांनी त्याला दुकानातून हाकललं असं त्याने आयुष्यभर सांगितलं. वडिलांची कामाची वही तिथल्या संग्रहालयात आहे, तिची नक्कल मागवली होती. ज्या दिवशी पहिली कादंबरी आली, त्या दिवशी नोंद अशी: "मुलगा आला नाही. दोन घड्याळं दुरुस्त." पुढच्या दिवशी: "मुलगा आला नाही. एक घड्याळ." अशा नोंदी सलग चार वर्षं. आला नाही, आला नाही. मग वही संपते.

यात विरोध कुठे दिसतो? व.वि. काढलं.

बायकोला हे सांगितलं. ती एका ब्लाउजची बाही उसवत होती. म्हणाली, "त्या घड्याळवाल्याला कोणी सांगायला हवं होतं, की जाऊन भेट." मी म्हणालो, शंभर वर्षं झाली त्याला. ती म्हणाली, "मग ज्याला झाली नाहीत त्याला सांगा." कोणाबद्दल बोलत होती कोण जाणे. शिवताना ती अर्धवट बोलते.

१६ मार्च

बाड वाचायला घेतलं. लाल पेन्सिल, फूटपट्टी, तपासणीचे कोरे कागद.

गोष्ट एका मुलीची आहे. तिचे वडील नकाशे काढणाऱ्या खात्यात आहेत. मुलगी मोठी होते, घर सोडून लांबच्या गावी कामाला जाते. पानामागे एखादी तरी चूक आहे. पान नऊवर गाडी सकाळी सुटते, पान चौदावर तीच गाडी दुपारची. पान बावीसवर आत्या डावखुरी, पुढे उजव्या हाताने लिहिते. असल्या चुका डोळ्यांत तेल घालून पाहिल्याशिवाय सापडत नाहीत. मला वाटतं माझा उपयोग तिला इथेच आहे.

१९ मार्च

बाड पूर्ण केलं, काल आणि आज मिळून. त्रेचाळीस दुरुस्त्या, पान क्रमांकासकट, स्वच्छ अक्षरात. संध्याकाळी छोटीला दिल्या. ती टेबलाशी बसून वाचत होती, मी समोर बसून राहिलो. यादी चांगली झाली आहे.

क्रमांक बारा तिने मोठ्याने वाचला. "पान अठ्ठ्याऐंशी. वडील अतिशयोक्त. एकाच घरात राहून मुलीशी फक्त किल्ली, दूध आणि दिवा एवढ्याच विषयांवर बोलणारा माणूस प्रत्यक्षात आढळत नाही."

आतून बायको जोरात हसली. हसण्यासारखं काय होतं ते तिने सांगितलं नाही.

छोटीने एकतीस नंबरही वाचला. "पान दोनशे अकरा. मुलगी घर सोडते तेव्हा वडील दारात गप्प उभे. असा बाप काहीतरी बोलेलच. संवाद घालावा."

मग तिने शेवटचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"आणि?" ती म्हणाली.

"आणि काय? त्रेचाळीसच आहेत."

"आवडली का?"

आवडलं असा रकाना आमच्याकडे नसतो, असं मी सांगितलं. खरं तेच सांगितलं. तिने कागदांची घडी घातली, बाडात ठेवली आणि बाड घेऊन उठली. तेव्हा पहिल्या पानावरचा आवक क्रमांक तिला दिसला असावा. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"एकाहत्तरावी का मी?" ती म्हणाली.

हो म्हणालो. या वर्षातली.

२० मार्च

बायको कडाडली. शिवणक्लासच्या दोन मुली बसलेल्या असताना. "अहो, रोज दुपारी ती मला वाचून दाखवते. माझ्या हातातलं काम तसंच राहतं, इतकं मन लागतं. मला काही कळत नाही पुस्तकातलं, पण मी दोनदा रडले आणि तिला तसं सांगितलं. तुम्हाला सगळं कळतं आणि एक शब्द तोंडातून निघत नाही!"

मी म्हणालो, मत देणं जोखमीचं असतं. मी हो म्हटलं आणि तिचं पुढे काही झालं नाही तर? हाताशी कार्डं आहेत माझ्या. उपाशी मेलेले, वेडे झालेले, विसरले गेलेले. अकराशे साठांत म्हातारपणी सुखाने गेलेले मोजके. आणि कार्ड नसलेले किती असतील. मी हो म्हणायचं आणि तिने त्या रांगेत जाऊन उभं राहायचं?

एवढं लांब मी घरात सहसा बोलत नाही. बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "हे तिला सांगितलंत का कधी?"

यात सांगण्यासारखं काय आहे?

२३ मार्च

उत्तरेकडच्या थंड देशातली एक लेखिका. वडील डॉक्टर. घरात तिला कागद द्यायचा नाही अशी त्यांची ताकीद होती, हे ती स्वतःच सांगते. म्हणून तिने पहिली कादंबरी औषधाच्या बाटल्यांवर चिकटवायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे लिहिली. हा खात्रीचा व.वि. वाटत होता.

आज तिथल्या जुन्या औषधविक्रेत्याचं एक पत्र मिळालं, त्याच साली भावाला लिहिलेलं. त्यात एक ओळ आहे: डॉक्टरांनी यंदा चिठ्ठ्या दुप्पट मागवल्या आहेत, रोगी तर तेवढेच आहेत, काय चाललंय कळत नाही.

मलाही कळत नाही. तपासणीच्या वहीत 'अनिर्णित' लिहिलं. बाईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाल्या, "तुम्ही खरंच असे आहात की सोंग करता?" आठ वर्षांत त्या माझ्याशी अशा बोललेल्या नाहीत.

२५ मार्च

निकाल कात्रीच्या टेबलावर ठेवला. दोनशे चौदांपैकी सतरा वडिलांची वाक्यं सापडली. सतराही रागाची. तोंड दाखवू नकोस, माझ्या नावाला काळं फासलंस, असली. एकाने मुलाच्या वह्या विहिरीत टाकल्या आणि तसं लिहून ठेवलं. ते सतरा व.वि. राहतील. बाकी एकशे सत्त्याण्णव वडिलांचं एकही वाक्य नाही, कुठल्याच देशात, कुठल्याच शतकात.

"म्हणजे रागावलेले तेवढे बोलले," कात्री म्हणाले. "बाकीचे काय करत होते?"

ते तपासाच्या कक्षेत नव्हतं. तसं सांगितलं.

२७ मार्च

छोटी दोन दिवस फक्त आईशी बोलत होती. आज संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली. रुग्णालयाचा पांढरा कोट धुऊन इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. तिने दोनशे अकरावं पान पुढे सरकवलं. दार, मुलगी, हातात पिशवी, दारात वडील. त्याखाली एका ओळीची जागा रिकामी सोडून नव्याने छापलं होतं.

"एक्केचाळीस दुरुस्त्या केल्या," ती म्हणाली. "बरोबर होत्या. गाडीची वेळ तर फारच. बारावी मुद्दाम तशीच ठेवली. ही एक राहिली. तुम्ही म्हणता असा बाप काहीतरी बोलेलच. काय बोलेल?"

"ते लेखकाने ठरवायचं."

"मला नाही माहीत बाबा. मी खूप प्रयत्न केला. तो काय बोलेल ते मला कधी ऐकायलाच मिळालं नाही." तिने बाकीचं बाडही माझ्यापुढे ठेवलं आणि पेन पानावर ठेवलं. "एकतीसच्या सकाळपर्यंत लिहून द्या. मग मी माझं ठरवते."

मी हात झटकणार होतो. पण दुरुस्ती माझी होती, ती अर्धवट सोडणं बरं दिसलं नसतं.

२८ मार्च

आजवरची सगळी कार्डं पुन्हा काढली. नमुना मिळाला तर बरं होईल म्हणून. ती सतरा वाक्यं सोडली तर काहीच नाही. त्यांतलं एक घालून पाहिलं. नकाशेवाला माणूस तसं बोलणार नाही. तो रागावलेलाच नाही. पान अठ्ठ्याऐंशीपासून परत वाचलं. तो कुठेच रागावलेला नाही.

बाईंना विचारलं, तुमचे वडील तुम्ही घर सोडलंत तेव्हा काय म्हणाले. त्या म्हणाल्या, "पोचल्यावर कळव."

२९ मार्च

रविवार. "काळजी घे" लिहिलं, खोडलं. हे तर कोणीही कोणालाही म्हणतं. "तुझा निर्णय तू घे" लिहिलं, खोडलं. हा माणूस इतका शहाणा नाही. "नोकरीचं काय" लिहिलं. ते वाचून मलाच कसंतरी झालं.

बायको आत-बाहेर करत होती, एकदाही विचारलं नाही. चहाचे तीन कप ठेवले, तिन्ही गार झाले.

३० मार्च

आज कार्यालयात बसून बाड पहिल्या पानापासून वाचलं. पेन्सिल घेतली नाही, कारण चुका राहिलेल्या नाहीत. साडेपाच कधी वाजले कळलं नाही. बाईंनी किल्ल्या वाजवल्या तेव्हा मी दोनशेव्या पानावर होतो आणि मुलीने घर सोडू नये असं मला वाटत होतं. इतकं वाटत होतं की पुढचं पान उलटवेना. दोनशे अकरावर काय होतं ते मला ठाऊक असूनही.

मग मला त्या माणसाचं कळलं. तो गप्प का आहे ते. त्याला मुलगी नको होती असं नाही, तिचं जाणं पसंत नव्हतं असंही नाही. त्याला वेगळंच काही होत होतं आणि त्याला ते बोलता येत नव्हतं. नकाशे काढणाऱ्याला वाटेत काय काय असतं ते सगळं ठाऊक असतं.

आधार काही नाही याला. पण मला खात्री आहे.

३१ मार्च

सकाळी सातला ओळ लिहिली. पेनाने लिहिली. छोटी पांढरा कोट घालून आली होती, केस बांधलेले. हातात दोन लिफाफे. एक हजर होण्याचं पत्र, एक राजीनामा. तिने पान घेतलं आणि उभ्यानेच वाचलं.

मी लिहिलं होतं: "मला भीती वाटते. पण तू थांबू नकोस."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा," छोटी शेवटी म्हणाली, "तो असं बोलणार नाही. गोष्टीतली बारा वर्षं तो किल्ली, दूध आणि दिवा सोडून एक शब्द बोललेला नाही. वाचणाऱ्याला पटणार नाही."

"बोलेल," मी म्हणालो.

"कशावरून?"

"मी सांगतो ना. बोलेल तो."

माझा आवाज नीट निघाला नाही. तिने पान बाडात जागेवर ठेवलं, मग वाकून माझ्या डोक्यावर क्षणभर हनुवटी टेकवली. असं ती सहा वर्षांची असताना करायची, खुर्चीवर चढून. मग तिने कोट काढला, आईच्या हातात दिला आणि एकच लिफाफा घेऊन खाली गेली.

आता सव्वानऊ झाले आहेत. एव्हाना तिने तो दिला असेल. बायको म्हणते, खिडकीतून बाजूला व्हा, येईल ती. मी कार्यालयात आज येत नाही म्हणून कळवलं आहे. मला अजून भीती वाटतेच आहे.